हिवाळ्यात स्वतःच्या गाडीने मनालीला जाताना: बर्फात अडकलेल्या एका रात्रीची तयारी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच जणांचे एक कुटुंब डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात स्वतःच्या डिझेल एसयूव्हीने पुण्याहून मनालीला आणि जमल्यास अटल बोगद्यापलीकडे सिस्सूपर्यंत जाणार आहे. सोबत इन्शुलिन घेणारी अडुसष्ट वर्षांची आई आणि सहा वर्षांची मुलगी आहे. आपत्कालीन साहित्याच्या ज्या याद्या वाचायला मिळतात त्यांत पन्नास-पन्नास वस्तू असतात. त्यांपैकी खरोखर लागतात त्या कोणत्या, असे त्यांना जाणून घ्यायचे आहे. मी गेली सोळा वर्षे हिवाळ्यात या रस्त्यावर गाडी चालवतो आहे आणि त्यांतली बरीच वर्षे महाराष्ट्रातून येणाऱ्या कुटुंबांच्या गाड्यांचे ताफे सोबत घेऊन चालवली आहेत, त्या अनुभवावरून हे उत्तर देतो.

त्या याद्या बहुतेक अमेरिका-कॅनडातल्या असतात. तिथे निर्मनुष्य महामार्गावर एकटी गाडी बंद पडते आणि मदत यायला दोन दिवसही लागू शकतात, हे गृहीत धरून त्या केलेल्या असतात. आपल्याकडे प्रकार निराळा आहे. मनालीहून अटल बोगद्याकडे चढणाऱ्या रस्त्यावर, सोलंग ते धुंडी या टप्प्यात तुम्ही अडकलात तर एकटे नसता. मागे-पुढे शेकडो गाड्या उभ्या असतात. डिसेंबर २०२४ मध्ये नाताळच्या तोंडावर बर्फ पडला तेव्हा सोलंग आणि अटल बोगदा यांच्यामध्ये हजाराच्या आसपास गाड्या अडकल्या होत्या आणि पोलिसांना रात्रभर लोकांना खाली आणावे लागले. मनालीची हॉटेले हाकेच्या अंतरावर असतात, पण रस्ता काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो, दोन आडव्या झालेल्या गाड्यांनी वाट अडवलेली असते आणि बर्फ बाजूला करणारे यंत्र त्या गर्दीतून वर येऊ शकत नाही. म्हणून तयारी करायची ती गाडी बाहेर काढण्याची कमी आणि पाच माणसांना बारा ते चौदा तास त्या गाडीत ऊबदार व शुद्धीवर ठेवण्याची जास्त. हे एकदा पटले की यादी आपोआप आखूड होते.

दुसरी गोष्ट मी स्वतः चूक करून शिकलो. बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला, त्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात सिस्सूहून परतताना आमचा ताफा धुंडीच्या खाली संध्याकाळी पाच वाजता थांबला, तो पहाटे साडेतीनपर्यंत जागचा हलला नाही. माझ्या गाडीत सगळे साहित्य होते: ब्लँकेट, पाणी, फावडे, टॉर्च, खाणे. ते सगळे डिकीत, कपड्यांच्या बॅगांच्या खाली, नीट रचून ठेवलेले होते. दुपारी गाडीवर उडालेले पाणी डिकीच्या दाराच्या रबरावर गोठले होते आणि आठ वाजता दार उघडायला गेलो तर ते जागचे हलेना. शेवटी मागच्या आसनाची पाठ पाडून, एका मुलाला आत सरपटत पाठवून ब्लँकेट ओढून काढावे लागले आणि एवढ्या वेळात चार दारे उघडीमीट होऊन गाडीतली होती नव्हती ती ऊब निघून गेली. त्या रात्रीपासून माझ्या साहित्याचे दोन भाग असतात. माणसांसाठीचे साहित्य आसनांपाशी आणि गाडीसाठीचे डिकीत, तेही सगळ्यांत वर.

माणसांच्या साहित्यात मी ऊब आणि अन्न यांच्याही आधी हवेचा विचार करतो. थांबलेल्या गाडीत हीटरसाठी इंजिन सुरू ठेवलेले असते, बर्फ पडत असतो, मागे साचलेला बर्फ सायलेन्सरचे तोंड बुजवतो आणि बाहेर जायचा धूर गाडीच्या तळातून आत यायला लागतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. डोके जड होते, मळमळते, झोप येते, आणि दिवसभराच्या प्रवासानंतर ही लक्षणे थकव्याची वाटतात. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी एका रात्रीत किमान २२ पर्यटक बर्फात अडकलेल्या गाड्यांत मरण पावले. थंडीबरोबरच हा वायूही त्यांतल्या काही मृत्यूंना कारण ठरल्याचे तेव्हाच सांगितले गेले. म्हणून नियम असा: इंजिन सलग चालवायचे नाही. तासातून दहा ते पंधरा मिनिटे चालवायचे, दर वेळी सुरू करण्यापूर्वी एकाने खाली उतरून सायलेन्सरचे तोंड मोकळे करायचे, आणि इंजिन सुरू असेपर्यंत वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची एक काच बोटभर खाली ठेवायची. चालक आणि शेजारी बसलेली व्यक्ती यांनी एकाच वेळी झोपायचे नाही. शक्य असल्यास बॅटरीवर चालणारा छोटा कार्बन मोनॉक्साइड अलार्म घ्या. माणसांच्या साहित्यात मी विकत घ्यायला लावीन अशी ही एकमेव खास वस्तू आहे. गाडीच्या आत शेगडी, कॅम्पिंगचा स्टोव्ह किंवा निखाऱ्यांची अंगीठी कोणत्याही कारणाने पेटवू नका. परदेशी याद्यांत डब्यात मेणबत्ती लावण्याचा सल्ला हमखास असतो. पाच माणसे, लोकरीचे कपडे आणि एक लहान मूल असलेल्या बंद गाडीत मला तो अजिबात मान्य नाही.

आता इंधनाचा हिशेब पाहू. जागेवर उभ्या असलेल्या लहान डिझेल इंजिनाला तासाला साधारण पाऊण ते एक लिटर डिझेल लागते. तासातून पंधरा मिनिटे धरली तर चौदा तासांत इंजिन साडेतीन तास चालेल, म्हणजे जास्तीत जास्त साडेतीन-चार लिटर डिझेल जाईल. अर्धी टाकी भरलेली असेल तर त्यात काळजीचे कारण नाही. पण सकाळी निघताना काटा पाव टाकीवर असेल आणि चढावर चार तास रांगत गेलात, तर रात्री प्रत्येक वेळी किल्ली फिरवताना हात आखडतो. मनालीतून वर निघताना टाकी पूर्ण भरलेली असावी, एवढे पुरे; कॅनमध्ये जास्तीचे डिझेल घेऊन मुलांच्या पाठीमागे ठेवण्याची गरज नाही.

ऊब धरून ठेवण्यासाठी प्रत्येकामागे एक लोकरी ब्लँकेट हवे. धनगरांकडची जाड घोंगडी घरात असेल तर तीच घ्या. टोचते खरी, पण बाजारातल्या पुष्कळशा मऊ ब्लँकेटांपेक्षा ती ओलाव्यात जास्त ऊब देते आणि गाडीखाली अंथरून साखळी बसवायलाही उपयोगी पडते. चकचकीत पातळ आपत्कालीन ब्लँकेट मिळतात, ती वजनाने नगण्य असतात, पण ती घोंगडीवरून गुंडाळायची. थेट अंगाला लपेटली तर आतून घाम धरतो आणि माणूस अधिक गारठतो. जीन्स ओली झाली की रात्रभर वाळत नाही, म्हणून बर्फात खेळताना घातलेले कपडे गाडीत बसण्यापूर्वी बदलायचे आणि प्रत्येकाचा कोरड्या पायमोज्यांचा एक जादा जोड, कानटोपी व हातमोजे पुढच्या आसनामागच्या खिशात ठेवायचे. पाय ओले असतील आणि बूटही ओले असतील तर कोरड्या मोज्यांवर दुधाची रिकामी पिशवी चढवून मग पाय बुटात घालावा. दिसायला हास्यास्पद असले तरी याने माझ्या बोटांचे अनेकदा रक्षण केले आहे. आजी आणि नात यांना मागच्या आसनावर मधोमध, एकाच घोंगडीखाली बसवा. काचेला लागून बसलेल्या माणसाला सर्वांत जास्त थंडी वाजते.

पाण्याच्या बाटल्या काठोकाठ भरू नका आणि डिकीत ठेवू नका. गोठण्याची सुरुवात पृष्ठभागापासून होते, म्हणून बाटली उलटी ठेवली तर सकाळी तोंडाशी पाणी राहते आणि बर्फ बुडाशी. माणशी दोन लिटर पाणी आणि सकाळी हॉटेलातून भरून घेतलेला गरम पाण्याचा एक मोठा थर्मास पुरेसा होतो. खाण्याच्या बाबतीत आपल्या स्वयंपाकघराइतकी चांगली तयारी मी कुठल्याही यादीत पाहिली नाही: शेंगदाण्याची चिक्की, डिंकाचे किंवा मेथीचे लाडू, खजूर, दशम्या, भाजके चणे. गरम करावे लागेल असे काही नको, आणि थंडीत दगडासारखे होणारे चॉकलेटचे मोठे बारही नकोत. प्यायला दारू मुळीच नको. तिने ऊब आल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात त्वचेकडे रक्त वळते आणि शरीरातली उष्णता लवकर निघून जाते.

लघवीचा प्रश्न कोणी विचारत नाही आणि रात्री अकराला तो सर्वांत मोठा असतो. बाहेर उतरणे म्हणजे घसरणे, भिजणे आणि गाडी थंड करणे. रुंद तोंडाचा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, वर्तमानपत्राचे कागद, काळ्या कचऱ्याच्या पिशव्या, ओले टिश्यू आणि आडोसा करण्यासाठी एक जुनी चादर एवढे सोबत असू द्या. आडोसा नाही म्हणून सहा-सात तास पाणीच न प्यालेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत, आणि तसे उपाशीतापाशी बसलेले शरीर थंडीला लवकर शरण जाते.

आईंच्या औषधांबद्दल वेगळे सांगतो. इन्शुलिन एकदा गोठले की ते वितळल्यावर नेहमीसारखे दिसले तरी निकामी झालेले असते आणि टाकून द्यावे लागते. म्हणून ते बर्फाच्या पिशवीत, डिकीत किंवा डॅशबोर्डच्या खणातही न ठेवता आईंनी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवावे, मात्र हीटरच्या झोताजवळही नको. ग्लुकोमीटर थंडीत चूक दाखवतो, त्यामुळे तोही अंगाशीच असावा. चिक्कीच्या बरोबरीने साखरेचे खडे किंवा ग्लुकोजची पुडी वेगळी ठेवा, कारण जेवणाची वेळ टळली आणि इन्शुलिन आधीच घेतलेले असले तर साखर खाली जाण्याचा धोका असतो. रक्तदाबाच्या आणि इतर नेहमीच्या गोळ्या तीन दिवसांच्या जादा घ्या. बोगद्याची दोन्ही तोंडे तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहेत, तेव्हा निघण्यापूर्वी आईंच्या डॉक्टरांना एवढी उंची चालेल का, हेही विचारून घ्यावे.

आता गाडीकडे वळतो. इथे बहुतेक त्रास साहित्याच्या कमतरतेमुळे होत नाही, तर मैदानी हवेसाठी तयार असलेली गाडी तशीच वर नेल्यामुळे होतो.

पहिली बाब कूलंटची. आपल्याकडे उन्हाळ्यात रेडिएटरमधले पाणी कमी झाले की गॅरेजवाला सरळ नळाचे पाणी ओततो, आणि पुण्यात त्याने काही बिघडत नाही. सिस्सूला तेच पाणी रात्रीत गोठून इंजिनचा ब्लॉक फोडू शकते. निम्मे कूलंट आणि निम्मे शुद्ध पाणी हे मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासही गोठत नाही. निघण्यापूर्वी कूलंट पूर्ण बदलून घ्या आणि गॅरेजमध्ये हायड्रोमीटरने तपासून घ्या. काच धुण्याच्या टाकीतले साधे पाणीही काढून टाका आणि गोठणार नाही असे द्रावण भरा; ते पाणी गोठले की त्याची मोटर जळते, आणि चिखलाने माखलेल्या काचेतून समोरचे काही दिसेनासे होते.

दुसरी बाब डिझेलची. अति थंडीत डिझेलमधले मेण घट्ट होऊन फिल्टर तुंबतो आणि इंजिन सुरू होत नाही किंवा चालता चालता बंद पडते. लडाख, काझा, केलाँगसारख्या भागांसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले, ते याच कारणासाठी. तुम्हाला एवढेच करायचे आहे की राजस्थान किंवा हरियाणात भरलेली टाकी वर नेऊ नका. मैदानातले डिझेल वाटेत संपत येऊ द्या आणि मंडीच्या पुढे, शेवटी मनालीत, टाकी भरा. डिझेल फिल्टर पुण्यातच बदला, कारण त्यात साचलेले पाणीही गोठते. वाटेत कोणी ट्रकचालक थोडे रॉकेल मिसळायला सांगेल. जुन्या इंजिनांना ते चालून जायचे, आजच्या बीएस-६ इंजिनाच्या इंधनपंपाला आणि धूर गाळणाऱ्या यंत्रणेला ते महागात पडते. गाडीत डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचे युरियाचे द्रावण, लागत असेल तर ते उणे ११ अंशांना गोठते हेही माहीत असू द्या; टाकीत गोठल्याने बिघाड होत नाही, पण त्याची जादा बाटली काठोकाठ भरलेली ठेवू नका.

तिसरी बाब बॅटरीची. बॅटरी चार वर्षांची झाली असेल तर तिची परीक्षा घेत बसू नका, निघण्यापूर्वी बदला. थंडीत तिची ताकद कमी होते आणि त्याच वेळी घट्ट झालेले इंजिन ऑइल ढकलायला डिझेल इंजिन तिच्याकडून जास्त ताकद मागते. जंपर केबल स्वस्तातल्या पातळ तारेच्या घेऊ नका. त्या गरम होतात आणि गाडी सुरू होत नाही. जोडण्याचा क्रम असा: प्रथम लाल वायर बंद गाडीच्या बॅटरीच्या धन टोकाला, मग तिचे दुसरे टोक चालू गाडीच्या धन टोकाला, नंतर काळी वायर चालू गाडीच्या ऋण टोकाला, आणि शेवटचे काळे टोक बंद गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. हा क्रम कागदावर लिहून केबलच्याच पिशवीत ठेवा, कारण बोटे बधिर झालेली असताना पाठांतर आठवत नाही.

टायरमधल्या हवेबद्दल लोक फार चिंता करतात. थंडीने दाब उतरतो आणि उंचीमुळे गेजवर तो वाढलेला दिसतो, त्यामुळे पुण्याहून मनालीला आल्यावर दोन्ही परिणाम बरेचसे एकमेकांना छेदतात. मनालीत सकाळी थंड टायरवर दाब पाहून गाडीच्या दारावर लिहिल्याप्रमाणे ठेवावा; बर्फात पकड मिळावी म्हणून हवा कमी करण्याच्या फंदात पडू नये.

बर्फाच्या साखळ्यांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे. तुमची गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असेल तर साखळ्या पुढच्याच चाकांना लावायच्या. फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी असेल तर गाडीचे माहितीपुस्तक पाहायचे. टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा घेऊन त्याच मापाची जोडी घ्या आणि पुण्यातच सोसायटीच्या पार्किंगमध्ये किमान तीन वेळा लावून आणि काढून पाहा. रखवालदार हसेल, हसू द्या. वर प्रत्यक्षात हे काम उणे पाच अंशांत, चिखलात गुडघे टेकून, टॉर्चच्या उजेडात करायचे असते आणि लोकरी हातमोजे पहिल्याच मिनिटाला भिजतात. त्यावरून बागकामाचे जाड रबरी हातमोजे चढवा. साखळी चढ सुरू होण्यापूर्वी सपाट जागी लावायची, पन्नास-शंभर मीटर गेल्यावर थांबून पुन्हा घट्ट करायची आणि ताशी तीसच्या वर जायचे नाही. बोगदा ९.०२ किलोमीटर लांब आहे, आत रस्ता कोरडा असतो आणि थांबायची परवानगी नाही, त्यामुळे साखळ्या लावून आत शिरलात तर त्या कोरड्या रस्त्यावर घासतात आणि तुटून चाकाच्या आतल्या भागावर आपटू शकतात. यावरून एक लक्षात घ्यावे की साखळ्या खाली उतरून सुरक्षित ठिकाणी पोहोचण्यासाठी आहेत, बर्फातून पुढे फिरायला जाण्यासाठी नाहीत. बर्फ पडू लागला की प्रशासन मनाली-सोलंग रस्त्यावरचे नेहरू कुंड किंवा सोलंग यांच्या पुढे बहुधा फक्त फोर-बाय-फोर गाड्याच सोडते. अशा दिवशी गाडी मनालीत ठेवून स्थानिक टॅक्सीने जाण्यात काहीही कमीपणा नाही.

साखळ्यांशिवाय डिकीत वरच्या बाजूला लागतात त्या वस्तू थोड्या आहेत: लहान दांड्याचे लोखंडी फावडे, दोन गोणपाटे आणि त्यांपैकी एकात भरलेली पाच-सहा किलो वाळू किंवा राख, गाडीच्या वजनाला झेपेल असा ओढायचा पट्टा, पुढच्या बंपरमध्ये आटे फिरवून बसवायचा लोखंडी हूक कुठे ठेवलेला आहे याची खात्री, लाल त्रिकोण, आणि चाकाला लावायला दोन लाकडी ठोकळे. चाक जागीच फिरू लागले की ॲक्सिलरेटर दाबत राहिल्याने खालचा बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि खड्डा खोल होतो. थांबायचे, चाकासमोरचा बर्फ काढायचा, गोणपाट सरकवायचे, दुसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडायचा आणि गोणपाटामागे कोणाला उभे राहू द्यायचे नाही, कारण ते मागे भिरकावले जाते. रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नका, ओली पॅड गोठून चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि ठोकळे लावा. सकाळी काचेवरचा बर्फ जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने खरवडा. गरम पाणी ओतलेत तर काच तडकेल.

टॉर्च डोक्याला बांधायचा असावा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. मोबाइल आणि पॉवर बँक थंडीत झपाट्याने उतरतात, त्या कपड्यांच्या आत ठेवा. वरच्या भागाचा नकाशा हॉटेलच्या वायफायवर उतरवून घ्या, आणि ११२ हा क्रमांक व हॉटेलचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा. हॉटेलात कुठे चाललो आहोत आणि किती वाजता परतणार हे सांगून निघा. सिस्सूहून दुपारी दोनलाच परत फिरा, कारण दरीत ऊन लवकर उतरते आणि दुपारी वितळलेले पाणी चारनंतर पारदर्शक बर्फ होऊन रस्त्यावर पसरते. प्रवासातला आणखी एक धोका याद्यांमध्ये नसतो, तो म्हणजे दिल्ली ते चंदीगडच्या पट्ट्यातले पहाटेचे धुके. बर्फाची एवढी तयारी करून पहाटे चारला त्या धुक्यात गाडी घालणारी कुटुंबे मी पाहतो. तिथे ऊन येईपर्यंत ढाब्यावर चहा पीत बसणे हीच तयारी आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी, घराखालीच, पाचही जण गाडीत बसा, पट्टे लावा आणि एकही दार न उघडता घोंगडी, पाणी, खाणे, टॉर्च, औषधे आणि तो रुंद तोंडाचा डबा हातात घेऊन पाहा. आमच्या घरी पहिल्यांदा ही चाचणी घेतली तेव्हा टॉर्च चालकाच्या आसनाखाली इतका आत सरकलेला होता की तो काढायला दार उघडून खाली वाकावे लागले. तेव्हापासून तो गिअरशेजारच्या खणात, सुतळीने बांधलेला असतो.